मागचा वाफा

१३ डिसेंबर २००१ रोजी, गुरुवारी, दुपारच्या आधी पाच सशस्त्र माणसं पांढऱ्या मोटारीतून दिल्लीत संसदेच्या आवारात शिरली. पाचही जण मारले गेले. त्यांना अडवताना पोलीस आणि सुरक्षा कर्मचारी मारले गेले. मृतांमध्ये संसदेच्या बागेत काम करणारा एक माळी होता.

मी तेव्हा नाशिकच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. बातमी दिल्लीची होती, ती एजन्सीकडून येत होती. आमच्याकडे फक्त फोन येत होते. देवळालीच्या बाजूला तोफांचा सराव वर्षभर चालतो. शहरात तो ऐकू येतो, खिडकीच्या काचा हलतात आणि कोणी मान वर करत नाही. त्या आठवड्यात मात्र प्रत्येक आवाजाला फोन यायला लागला. युद्ध सुरू झालं का, असं लोक विचारत. नाही, सराव आहे, असं सांगितलं की काही जण ‘बरं’ म्हणत. काही जण ‘अजून सरावच का?’ म्हणत.

आमच्या कलाविभागाकडे रणगाड्याचं एक चित्र होतं. ते कारगिलच्या वेळी काढलं होतं. त्या डोंगरात रणगाडे चढणार नव्हते, पण चित्र चांगलं झालं होतं म्हणून वापरलं. त्यानंतर न्यूयॉर्कचे दोन मनोरे पडले आणि अफगाणिस्तानवर बॉम्ब पडायला लागले. तेव्हा रणगाड्याखालचा बर्फ पुसून वाळू काढली. डिसेंबरात वाळू तशीच ठेवली, कारण आता राजस्थानची सीमा होती. सव्वा वर्षाने तोच रणगाडा इराकच्या बातमीवर छापला. तेव्हाही वाळू चालली.

गुरुवारी संध्याकाळी वृत्तसंपादकांनी मला बोलावलं. “उद्या प्रतिक्रिया आण. सगळे एका गल्लीतले नकोत, सगळे एका पक्षाचे नकोत. आणि सगळे चिडलेले हवेत.”

प्रतिक्रियांची एक पद्धत ठरलेली होती. माणसाचा लहान फोटो, खाली नाव आणि व्यवसाय, असा एक ठोकळा. शेजारी त्याच्या बोलण्याच्या चार ओळी, हा दुसरा ठोकळा. असे ठोकळे एकाखाली एक लावले की अर्धं पान भरायचं.

शुक्रवारी सकाळी मी फोटोग्राफरला घेऊन गोदाकाठच्या फुलबाजारात गेलो. सगळे ज्यांना अण्णा म्हणत असे एक फुलशेतकरी तिथे एका आडत्याच्या गाळ्यावर झेंडूची पोती उतरवून बसले होते. शहराच्या उत्तरेला त्यांचा मळा होता. झेंडू आणि शेवंती करत. मुलगा सैन्यात होता, अभियंत्यांच्या पलटणीत, लग्न व्हायचं होतं. मळ्यात फोन नव्हता, म्हणून तो दर रविवारी सकाळी या आडत्याच्या गाळ्यावर फोन करत असे.

“अण्णा, दिल्लीचं ऐकलं का?” मी विचारलं.

“ऐकलं. माळी मेला म्हणतात.”

“पोलीसही गेले.”

“पोलिसाकडं बंदूक तरी व्हती. माळ्याकडं काय, झारी असंल.”

आडत्याला घाई होती. “अण्णा, माळ्याचं राहू द्या. लढाई पाहिजे का नको ते सांगा. फोटो यायचाय तुमचा.”

“कारगिलचं आवरलं का?” अण्णांनी विचारलं.

कळवणकडच्या एका गावात त्यांची बहीण दिली होती. त्या गावातला एक मुलगा कारगिलला गेला होता. त्याच्या अंत्यविधीला नाशिकच्या फुलबाजारातून टेम्पोभर फुलं फुकट गेली, त्यात अण्णांची शेवंती होती. चितेसमोर उभं राहून पुढाऱ्यांनी गावाला डांबरी रस्ता जाहीर केला. एसटी अजून नाल्याच्या अलीकडेच थांबत होती.

“मागचा वाफा आवरल्याशिवाय पुढचा धरू नाय,” अण्णा म्हणाले. “आधी त्या माळ्याच्या घरी जा म्हणावं कोणीतरी. मग लढाईचं बघा. पोरगं माझंबी तिकडंच हाय.”

हे पुरेसं चिडलेलं नव्हतं, पण फुलबाजारातलं होतं. मी ते लिहून घेतलं. तिथून मेन रोडवर एका कापडदुकानदाराकडे गेलो. त्यांनी गल्ल्यावरून न उठता सांगितलं, “चर्चा पुरे झाल्या. आता एकदाच आरपारची लढाई करून हा प्रश्न कायमचा निकाली काढावा.” हे चिडलेलं होतं.

शनिवारच्या अंकात दोन्ही प्रतिक्रिया छापून आल्या. अण्णांचा फोटो आणि नाव आरपारच्या लढाईशेजारी होतं. कापडदुकानदाराचा फोटो आणि नाव वाफ्याशेजारी होतं. फोटोग्राफर म्हणाला की त्याने फोटो क्रमाने दिले होते. पान लावणारा ऑपरेटर म्हणाला की त्याने ते दिलेल्या क्रमानेच लावले. चूक कोणाची हे ठरलं नाही.

फुलबाजारात तो अंक सकाळीच पोचला. सोमवारी अण्णा पोती घेऊन आले तेव्हा आडत्या गाळ्यातून बाहेर येऊन सलाम ठोकून उभा राहिला.

“या जनरल. आज कुठली आघाडी?”

“आघाडी नाय, झेंडू हाय. उतरव.”

“झेंडू नंतर. आधी हुकूम द्या. शेवंतीवाले विचारतात, आम्ही डाव्या बाजूनं चढाई करायची का?”

“तू तुझं वजन नीट कर. तेवढी लढाई लय झाली.”

सुरुवातीला अण्णांनी ते हसण्यावारी नेलं. त्याच आठवड्यात सैन्याला सीमेकडे जाण्याचे आदेश निघाले. जवानांच्या रजा रद्द झाल्या. नाशिक रोड स्थानकातून झाकलेल्या तोफांच्या गाड्या गेल्या, त्याचे फोटो छापू नयेत अशी सूचना आली आणि आम्ही ते छापले नाहीत. अण्णांचा मुलगा माघ महिन्यात मुलगी बघायला घरी येणार होता. त्याची पलटण राजस्थानच्या सीमेवर गेली.

अंक सीमेवर गेला तो चिवड्याबरोबर. सीमेवरच्या पोरांना घरून चिवडा पाठवायचा आणि डब्याच्या आत वर्तमानपत्र लावायचं, म्हणजे तेल सुटलं तरी कागद पितो, ही इकडच्या घरांची रीत होती. अण्णांच्या मुलाच्या पलटणीत सिन्नरचा एक मुलगा होता. त्याच्या घरून आलेल्या डब्यात आमच्या शनिवारच्या अंकाचं अर्धं पान होतं. त्या अर्ध्या पानावर अण्णांचा फोटो होता आणि शेजारी आरपारची लढाई होती. कापडदुकानदार दुसऱ्या अर्ध्यात राहिले होते.

जानेवारीतल्या एका रविवारी मी बाजारभाव घ्यायला फुलबाजारात होतो. आडत्याच्या फोनची घंटा वाजली. त्या फोनवर बोलताना ओरडावं लागे, आणि पलीकडचं बोलणंही गाळ्यातल्या सगळ्यांना ऐकू येत असे.

“अण्णा, फोटो बघितला तुमचा पेपरात. साहेबानंबी बघितला.”

“मी तसं बोललो नाय.”

“छापलंय की.”

“छापलं म्हंजी मी बोललो का? दुसऱ्याचं बोलणं हाय ते.”

“नाव तुमचंय, फोटो तुमचाय, आन बोलणं दुसऱ्याचं? तुम्ही तिथं बसून लढाई मागा. आम्ही इथं पेरतोय.”

“काय पेरताय?”

“नाय सांगता येत. आईला द्या.”

“आई मळ्यात हाय.”

“मग पुढल्या रविवारी आईला आणा.”

फोन बंद झाला. “जनरल, लाईन तुटली,” आडत्या म्हणाला. गाळ्यातलं कोणी हसलं नाही, म्हणून तो पुन्हा वजन करायला लागला.

त्यानंतर दर रविवारी अण्णांची बायको बाजारात येऊ लागली. मुलगा तिच्याशी बोलायचा. अण्णा शेजारी पोत्यावर बसून ऐकायचे. “हे म्हणतात मी बोललोच नाय तसं,” ती फोनवर सांगायची. पलीकडचं उत्तर अण्णांनाही ऐकू येत असे. तरी फोन ठेवून ती अण्णांना म्हणायची, “छापलंय की म्हणतो.”

अण्णांनी ठरवलं की छापलेलं छापूनच खोडलं पाहिजे. ते आमच्या कार्यालयात आले. येताना देवाच्या तसबिरीसाठी झेंडू आणले होते. वृत्तसंपादकांनी त्यांना खुर्ची दिली आणि चहा मागवला.

“काका, तुमचं म्हणणं पटतं,” वृत्तसंपादक म्हणाले. “पण महिना झाला. लोक विसरलेत. खुलासा छापला तर लोकांना आठवेल.”

“लोकांचं मला काय करायचं? माझ्या पोराला आठवतंय ना.”

“त्याला फोनवर सांगा.”

“फोनवर तो म्हणतो छापलंय की.”

वृत्तसंपादकांनी तो जुना अंक काढून पुढ्यात ठेवला. मग त्यांनी दुसरी अडचण सांगितली. खुलासा एकट्या अण्णांचा होऊ शकत नव्हता. अण्णांचे शब्द त्यांना परत द्यायचे तर ते कापडदुकानदाराकडून काढून घ्यावे लागणार होते. त्यांना विचारायला मला पाठवलं.

डिसेंबरात दुकानदारांनी स्वतःच फोन करून तक्रार केली होती. मला वाफेवाला करून टाकलं, गिऱ्हाईकं हसतात, असं ते म्हणाले होते. जानेवारीच्या अखेरीला मी गेलो तेव्हा दुकानात एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधत होतं. शालूंचा ढीग पडला होता. मी विषय काढला.

“कसला खुलासा?” ते हळू आवाजात म्हणाले. “ती प्रतिक्रिया माझीच आहे.”

“तुम्ही आरपारची लढाई म्हणाला होतात.”

“अहो, लग्नसराई तोंडावर आहे. देवळाली कॅम्पातल्या बायका दुकानात येतात. कोणाचा नवरा तिकडे, कोणाचा भाऊ तिकडे. शेटजी, तुम्ही एकटेच बरं बोललात, म्हणतात. लढाई झाली तर बस्ते कोण बांधणार?”

मी कार्यालयात येऊन हे सांगितलं. वाफ्याच्या वाक्याला आता दोन मालक होते. आरपारच्या लढाईला एकही नव्हता. त्या वेळी दोन्ही देशांचं सैन्य सीमेवर समोरासमोर उभं होतं.

“मग खुलासा कोणाचा छापायचा?” वृत्तसंपादकांनी विचारलं. प्रकरण थांबलं.

अण्णा दर आठवड्याला येत राहिले. झेंडू आणत, वृत्तसंपादक नसले की देवाला हार घालून जात. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. सीमेवर लढाई होत नव्हती. माणसं मात्र मरत होती. भूसुरुंग लावताना स्फोट, दारूगोळा उतरवताना स्फोट, वाळूत उलटलेला ट्रक. युद्ध जाहीर झालेलं नसल्यामुळे या बातम्या अपघात या सदराखाली, आतल्या पानावर जात. अण्णांचं वाचन फार नव्हतं. आतलं पान मात्र ते आमच्या कार्यालयात उभे राहून वाचून जात. मुलगा काय पेरत होता हे त्यांना तिथे कळलं. त्यांनी ते मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मेच्या मध्यावर जम्मूजवळच्या लष्करी वसाहतीवर हल्ला झाला. जवानांची बायकामुलं मारली गेली. पुन्हा युद्ध होणार असं सगळे म्हणू लागले. वृत्तसंपादकांनी पुन्हा प्रतिक्रिया मागवल्या. लग्नसराई संपत आली होती. कापडदुकानदारांनी स्वतः फोन केला.

“माझं ते आरपारचं होतं ना, ते माझ्या नावावर करा,” ते म्हणाले. “शोभत नाही हो वाफा वगैरे.”

त्यामुळे खुलासा निघाला. आतल्या पानावर, कांद्याच्या भावाखाली, तीन ओळींचा. ‘१५ डिसेंबरच्या अंकातील प्रतिक्रियांमध्ये दोन छायाचित्रांची नावांसह अदलाबदल झाली होती. संबंधितांनी नोंद घ्यावी.’

अण्णांनी तो दोनदा वाचला.

“मी काय बोललो व्हतो ते कुठंय यात?”

“खुलाशात चूक पुन्हा छापत नाहीत,” मी सांगितलं. “तशी पद्धत आहे.”

“चूक कुठं छापायला सांगतोय. बरोबर छापा म्हणतोय.”

तेवढी जागा नव्हती. अण्णांच्या बायकोने मार्ग काढला. ती म्हणाली की जुना अंक आणि नवा अंक दोन्ही डब्यात लावू. जुन्यात कापडवाल्याशेजारी आपलं बोलणं आहे, नव्यात अदलाबदल झाल्याचं आहे. पोरगं शिकलेलं आहे, जोडून घेईल. मी कार्यालयातल्या शिल्लक अंकांतून १५ डिसेंबरचं पान काढून दिलं, अर्धं नाही, पूर्ण. तिने पातळ पोह्यांचा चिवडा केला, डाळं आणि खोबरं जास्त घातलं. खुलासा आत लावला, जुनं पान बाहेरून गुंडाळलं. अण्णांनी पार्सल टपालाने पाठवलं.

त्याच सुमारास रविवारचे फोन बंद झाले. पलटण पुढे सरकली होती. जून ते सप्टेंबर या काळात मुलाचे दोनच फोन आले. दोन्ही वेळा आई बाजारात नव्हती. दोन्ही वेळा त्याने आडत्याला, बरा आहे म्हणून सांगा, असं सांगून फोन ठेवला. दुसऱ्या वेळी अण्णा गाळ्यातच होते. आडत्याने “इथंच हायेत, देतो” म्हणून फोन पुढे केला. अण्णांनी तो कानाला लावेपर्यंत पलीकडे कोणी नव्हतं.

“पार्सल पोचलं का, तेवढं तरी विचारायचं व्हतं,” अण्णा आडत्याला म्हणाले.

“मागल्या फोनला म्या विचारलं. नाय म्हणाला.”

त्या वर्षी दसरा १५ ऑक्टोबरला आला. दसऱ्याला झेंडू लागतो, त्यामुळे फुलबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी, उरलेल्या फुलांचे ढीग गोदाकाठी पडलेले असताना, सरकारने सीमेवरून सैन्य मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. जे युद्ध होणार होतं ते झालं नाही. त्यामुळे ते कोणी जिंकलं हे आम्हाला लिहावं लागलं नाही. कलाविभागाने रणगाडा परत ठेवून दिला. फुलबाजारात आडत्याने पेढे वाटले. “जनरल, तुमची लढाई संपली,” तो म्हणाला. अण्णांनी पेढा घेतला.

“परत येणार कधी?” त्यांनी मला विचारलं.

सैन्य परत येणार होतं. अभियंत्यांच्या पलटणी लगेच येणार नव्हत्या. जे लावलं होतं ते त्यांना काढायचं होतं. मी ते त्यांना सांगितलं.

नोव्हेंबरात, दिवाळी होऊन गेल्यावर, आडत्याच्या फोनवर पलटणीतून फोन आला. अण्णांच्या मुलाचा पाय सुरुंगावर पडला होता. डावा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. जीव वाचला होता. त्याला पुण्याला लष्करी रुग्णालयात आणणार होते. हे ऐकल्यावर आडत्याने दुकान अर्धं बंद केलं आणि मळ्यात स्वतः सांगायला गेला. त्या दिवसापासून त्याने अण्णांना जनरल म्हटलं नाही.

पुण्याला निघण्याच्या आदल्या दिवशी अण्णा कार्यालयात आले. या वेळी फुलं नव्हती.

“भाऊ, तुम्ही चला बरोबर.”

“मी येऊन काय करू?”

“मी सांगितलं की तो म्हणेल छापलंय की. तुम्ही छापणारे. तुम्ही सांगा.”

वृत्तसंपादकांना जिल्ह्यातल्या जखमी जवानाची बातमी हवीच होती. मी गेलो. एसटीत अण्णांची बायको खिडकीशी बसली. अण्णा संगमनेरपासून काय बोलायचं ते मला सांगत होते. नारायणगावला चहा घेतानाही तेच चाललं होतं. फुलबाजार, सकाळची वेळ, आडत्या काय म्हणाला, मी काय म्हणालो, तुम्ही काय लिहून घेतलं. क्रम चुकायला नको असं त्यांचं म्हणणं होतं.

मुलगा खाटेवर उशीला टेकून बसला होता. रापलेला आणि उतरलेला होता. आईने आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मग पांघरुणावरून, जिथे पाय संपत होता तिथपर्यंत. “जेवतोस का?” तिने विचारलं. तो हो म्हणाला.

अण्णा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. “हे पेपरवाले भाऊ,” ते म्हणाले. “यांनीच लिहून घेतलं व्हतं त्या दिवशी. मी सकाळी गाळ्यावर व्हतो. झेंडू उतरवला व्हता. त्यांनी विचारलं...”

“चिवडा आला,” मुलगा म्हणाला.

अण्णा थांबले. “कधी?”

“दिवाळीनंतर. पाय जायच्या आधी चार-पाच दिवस. पलटणीच्या मागंमागं फिरत व्हता. खवट झालता. पोरांनी तरी खाल्ला.”

“आन कागद?”

“आतला तेलानं गेला. काय दिसंना. बाहेरचा वाचता येत व्हता.”

“मग?”

“मग काय. म्हटलं, कापडवाला वाफा कधीपासनं धरायला लागला?”

अण्णांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर हात ठेवला. एसटीत ठरवलेलं सगळं त्यांच्याजवळ शिल्लक होतं.

“आता बोला की,” त्यांची बायको म्हणाली. “वर्षभर मला बाजारात उभी केली दोघांनी.”

“फोन करणार व्हतो,” मुलगा म्हणाला. “रविवारची वाट बघत व्हतो.”

नंतर अण्णा खाटेच्या कडेला बसले. त्यांनी पेरण्याबद्दल विचारलं. मुलाने सांगितलं. जानेवारीत उभ्या गव्हात लावले. दोरी धरून, ओळीने, शेवंतीची रोपं लावतात तसे. नकाशावर ओळी होत्या. मग उन्हाळ्यात वादळं झाली, वाळू सरकली. काही ठिकाणी कालव्याचं पाणी शिरलं. काढायला गेले तेव्हा ओळी नकाशात होत्या आणि जमिनीत नव्हत्या.

“शेत कोणाचं व्हतं?” अण्णांनी विचारलं.

“एका म्हाताऱ्याचं. तुमच्याएवढाच असंल. गहू कापायचा राहिला त्याचा. रोज तारेपाशी येऊन उभा राहायचा.”

“काय म्हणायचा?”

“काय म्हणणार? मेरा खेत कब मिलेगा. मी म्हणायचो, बाबा, मागचं आवरतोय.”

“आवरलं का?”

“मी पडलो तेव्हा चार ओळी राहिल्या व्हत्या.”

मी जखमी जवानाची बातमी दिली. ती आतल्या पानावर आली.

१३ डिसेंबर २००२ रोजी संसदेवरच्या हल्ल्याला वर्ष झालं. दिल्लीत मृतांना आदरांजली वाहिली गेली. वृत्तसंपादकांनी प्रतिक्रिया मागवल्या. जुन्याच लोकांना विचार, वर्षभरात काय वाटलं ते घे, असं त्यांनी सांगितलं. फोटो आणि ओळी या वेळी मी स्वतः तपासणार, असंही म्हणाले.

कापडदुकानदार गल्ल्यावर होते. “गेल्या वर्षीचीच छापा,” ते म्हणाले. कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढे पुन्हा लग्नसराई होती.

अण्णा फुलबाजारात होते. मुलगा अजून पुण्यातच होता, पाय बसवायचं काम चालू होतं. दर रविवारी गाळ्यावर फोन येत असे आणि तो अण्णा घेत.

“काय लिहू?” मी विचारलं.

“तेच. मागचा वाफा आवरल्याशिवाय पुढचा धरू नाय.”

“हे गेल्या वर्षी झालं.”

“गेल्या वर्षी ते कापडवाल्याचं झालं. माझं कुठं झालं?” मग ते म्हणाले, “त्या म्हाताऱ्याचं शेत मोकळं झालं का, तेवढं इचारा. मग छापा.”

मुलाने पुण्यात मला गावाचं आणि जिल्ह्याचं नाव सांगितलं होतं. राजस्थानात त्या जिल्ह्याच्या ठिकाणी एका दैनिकाचं कार्यालय होतं. मी तिथे फोन लावला. तिथल्या वार्ताहराने गावाचं नाव लिहून घेतलं आणि मोटारसायकलवर जाऊन येतो म्हणाला. संध्याकाळी, पान लागण्याआधी, त्याचा फोन आला.

वृत्तसंपादकांनी अण्णांचा फोटो नावाशी जुळवून पाहिला आणि नाव बोलण्याशी जुळवून पाहिलं. प्रतिक्रिया अण्णांच्या नावावर, त्यांच्या फोटोशेजारी, त्यांच्या शब्दांत गेली. तिच्याखाली वार्ताहराने सांगितलेलं दोन ओळींत दिलं.

शेताभोवतीची तार काढलेली नव्हती. धोक्याची पाटी होती. तारेच्या बाहेर, बांधाच्या पट्टीत, म्हाताऱ्याने हरभरा पेरला होता.